तारकर्लीहून आल्यापासून लेकाचे खांदे आणि पोटऱ्या भाजल्यात, घरात काय लावू?

निंबोणी | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. घाईत लिहितेय, चुकाभूल द्यावी घ्यावी.

आम्ही दोन दिवस तारकर्लीला होतो, आत्ता आठ वाजता कोल्हापूरला घरी पोचलो. आज सकाळी मुलं मालवणच्या किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेली आणि तिथून आल्यावर एक वाजेपर्यंत किनाऱ्यावर डुंबत होती. माझा मुलगा १७ वर्षांचा. दुपारी काहीच नव्हतं. घाट चढायला लागलो तेव्हा गाडीत म्हणाला, आई, खांदे चुरचुरतायत. घरी येऊन शर्ट काढला तर मान, खांदे आणि मागून मांड्या-पोटऱ्या लालभडक. लाइफ जॅकेट होतं तेवढा भाग अगदी नेहमीसारखा, त्याची कड रेघ मारल्यासारखी दिसतेय. गुडघ्यांमागच्या लवणीत तर हात लावू देत नाही. उजव्या खांद्यावर हरभऱ्याएवढा एक फोड आहे. ताप नाही, उलटी नाही, पण पालथा झोपून कण्हतोय.

नणंदेचा मुलगा त्याच्याबरोबर तितकाच वेळ पाण्यात होता. तो नुसता रापलाय, बाकी काही नाही. असं कसं झालं कळत नाही.

सासूबाई साजूक तुपाची वाटी घेऊन बसल्यात. फ्रिजमध्ये बर्फ आहे, दही आहे, कुंडीत कोरफड आहे. आधी काय करू?

---

पाणवठा | रविवार, रात्री ९.५२

तूप नको, बर्फही नको. आधी बाथरूममध्ये पाठवा आणि साध्या गार पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं उभं करा. शॉवरची धार खांद्यावर टोचेल, म्हणून तांब्याने हळूहळू पाणी सोडा. टाकीतलं पाणी तापलेलं असेल तर बादली भरून ठेवा किंवा माठातलं मिसळा. साबण लावू नका. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं.

मी दोन वर्षांपूर्वी अलिबागला असाच भाजलो होतो. बायकोने खोबरेल तेल चोपडलं आणि रात्रभर पाठीवर तवा ठेवल्यासारखं वाटत होतं. कातडीच्या आतली धग बाहेर पडायच्या आधी वर तेला-तुपाचा थर बसला की ती कोंडते.

---

जुनं लुगडं | रविवार, रात्री १०.०१

निंबोणी, घाबरू नकोस गं. आमच्या घरी मुलं उन्हातून काळी होऊन आली की दही, बेसन, हळद आणि वर अर्धं लिंबू असा लेप लावायचो. वाळला की चोळून काढायचा. दोन दिवसांत रंग उतरायचा. टोमॅटोची चकतीसुद्धा फिरव.

---

हिरवी वही | रविवार, रात्री १०.१४

मी नाशिकला त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण आजची रात्र कशी काढायची ते सांगते.

जुनं लुगडं ताई, तुमचा लेप रापलेल्या, धड कातडीसाठी होता आणि रापणं ही वेगळी गोष्ट आहे. इथे कातडी भाजली आहे. तिच्यावर लिंबू आणि टोमॅटोचं आम्ल झोंबेल, बेसन वाळून ओढ देईल, आणि चोळून काढताना वरची कमकुवत पापुद्री निघून येईल. आज तो लेप नको. टूथपेस्ट, खायचा सोडा, मुलतानी माती यांतलंही काही नको.

निंबोणी, पाणवठा म्हणाले ते आधी करा. बर्फ थेट लावू नका. आधीच दुखावलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. आंघोळीनंतर मऊ जुनं सुती कापड (मलमल असेल तर उत्तम) गार पाण्यात बुडवून, पिळून खांद्यांवर आणि पोटऱ्यांवर ठेवा. तापलं की पुन्हा बुडवा. पंखा चालू ठेवा. दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं असं केलं तरी पुष्कळ आराम पडतो. थंड दुधात बुडवलेली पट्टीही चालते, पण फक्त जिथे कातडी फुटलेली नाही तिथे, आणि नंतर पाण्याने धुऊन टाका.

मग कोरफड. पान कापल्यावर पिवळा चीक येतो ना, तो भाजलेल्या जागी लागता कामा नये, त्याने खाज सुटते. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक गळू द्या, धुवा, कडेचे काटे आणि सालं काढा, आतला काचेसारखा गर पुन्हा एकदा धुवा. थोडा गर हाताच्या आतल्या बाजूला, न भाजलेल्या जागी लावून वीस मिनिटं पाहा. काही झालं नाही तर बाकीचा लावा. फोडावर नको. घरात कॅलामाइन (खाज-जळजळीवरचं गुलाबी लोशन) असेल तर तेही चालेल.

फोड फोडायचा नाही. वरची कातडी हीच त्याची सगळ्यात चांगली पट्टी. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवा, साधी पेट्रोलियम जेली लावा आणि न चिकटणारं गॉज ठेवा.

दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेनने सूजही उतरते, पण ते पोट भरलेलं असताना आणि भरपूर पाणी प्यायल्यावरच. उलट्या होत असतील किंवा किडनीचा, अल्सरचा त्रास असेल तर नको. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. आणि घरातली ती खाज-गजकर्णाची, तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब कृपा करून काढू नका. तिच्यातलं तीव्र स्टेरॉइड अशा कातडीवर नको. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्या ट्यूबने बिघडवलेल्या असतात.

मनाची तयारी ठेवा, सकाळी आत्तापेक्षा जास्त लाल दिसेल. लाली उन्हानंतर तीन-सहा तासांनी सुरू होते आणि बारा ते चोवीस तासांत सगळ्यात वाढते. म्हणूनच दुपारी त्याला काही जाणवलं नाही. औषध चुकलं असं समजून रात्रीत चार वेगळे लेप लावू नका.

एक महत्त्वाचा प्रश्न. भावाला काही झालं नाही आणि याला फोड आला, म्हणून विचारते. मुलगा सध्या कसली गोळी घेतो का? मुरुमांसाठी वगैरे? चेहऱ्याला काही लावतो का?

---

निंबोणी | रविवार, रात्री १०.५५

पाणी झालं, पट्ट्या चालू आहेत. सासूबाईंनी स्वतःची जुनी मलमलची साडी फाडून दिली. कोरफडीचा चीक गळतोय. पहिल्या पट्टीनंतर कण्हणं कमी झालं, दोन पेले ताक प्यायला.

डॉक्टर, हो! महिनाभरापूर्वी मुरुमांसाठी इथल्या एका दवाखान्यात नेलं होतं. गोळीचं पाकीट आत्ता समोर आहे. डॉक्सिसायक्लिन लिहिलंय. रोज एक. रात्री लावायला एक जेलही आहे. उन्हाबद्दल आम्हाला कोणी एक शब्द बोललं नव्हतं. चिठ्ठीवरही काही नाही.

---

हिरवी वही | रविवार, रात्री ११.१०

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तेच आहे. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या काही जणांची कातडी उन्हाला, विशेषतः त्यातल्या अतिनील-अ (यूव्हीए) किरणांना, फार हळवी होते. एरवी जेवढ्या उन्हाने माणूस नुसता रापला असता, तेवढ्यात भाजतो. झाकलेला भाग कोरा आणि उघडा भाग लालभडक, मध्ये सरळ रेघ, हे चित्र त्याच्याशी जुळतं. गोळी चालू ठेवायची की बदलायची हे उद्या सकाळीच ज्यांनी दिली त्यांना फोन करून ठरवा, आणि भाजल्याचंही सांगा. रात्रीचं जेल मुरुमांसाठी आहे, तेही कातडी पूर्ण बरी होईपर्यंत भाजलेल्या जागी लागू देऊ नका. चार दिवस उन्हात अजिबात नाही, सकाळच्या कोवळ्यातसुद्धा नाही.

पुढच्या काही आठवड्यांत बोटांची नखं दुखली किंवा टोकाकडून सुटल्यासारखी दिसली तर घाबरू नका पण दाखवा. तेही याच औषधाने आणि उन्हाने होतं.

गोळी वाईट नाही. मी स्वतः लिहून देते. फक्त देताना उन्हाचं सांगायलाच हवं.

---

वायंगण | रविवार, रात्री ११.२६

हे वाचून दचकले. मी कुडाळकडची. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (उंदरांच्या मुतामुळे चिखल-पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून हीच गोळी वाटतात. चिखलात उतरणाऱ्या बायका ती घेतात आणि पाऊस उघडला की दिवसभर वाकून पाठीवर ऊन घेतात. पाठ जळजळते म्हणून तक्रार करणाऱ्या दोन-तीन जणी मला आठवतात, आम्ही ते घामोळं समजत होतो. गोळी बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही, लेप्टोने माणसं जातात हे आम्ही पाहिलंय. पण यंदा लावणीला पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला एवढं वाडीत नक्की सांगेन.

निंबोणी, तुझ्या सासूबाईंची तुपाची वाटी फुकट जाणार नाही. फक्त दिवस चुकलाय. आमच्याकडे कोकमाच्या बियांचं मुठेल असतं. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. गार झालं की मेणासारखं घट्ट होतं, हाताच्या उबेने वितळतं, पायांच्या भेगांना आम्ही तेच लावतो. माझी आजी भाजण्यावर म्हणायची, "आधी थंड करून घे, मगे मुठेल लाव." दोन-तीन दिवसांनी धग गेली, कातडी कोरडी पडून ओढायला लागली, सालपटं सुटायला लागली की मुठेल किंवा तुझं तूप पातळ हाताने लाव. तेव्हा त्याचा उपयोग आहे.

---

केतकी ७१ | रविवार, रात्री ११.४०

लिंबाबद्दल एक सांगायचंच आहे. माझ्या मावशीने लोणच्यासाठी अंगणात बसून दोनशे लिंबं चिरली. एप्रिलचं ऊन होतं. रस कोपरापर्यंत ओघळत होता, तिने धुतला नाही. दुसऱ्या दिवशी ओघळ होते तिथे तिथे लाल पट्टे आणि फोड, एका मनगटावर तर बांगडीसारखं. नंतर त्याच जागी काळपट डाग राहिले, ते जायला तीन-चार महिने लागले. आधी सगळ्यांना वाटलं तेल उडालं. डॉक्टरांनी लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की असं होतं हे सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे चेहऱ्याला लिंबू लावून कोणी बाहेर पडत नाही.

---

जुनं लुगडं | सोमवार, सकाळी ७.०५

हिरवी वही, मी तुमचं सगळं नीट वाचलं. चाळीस वर्षं मी हा लेप सुना-नातवंडांना सांगत आले. रापणं वेगळं आणि भाजणं वेगळं, हा फरक मला कोणी सांगितला नव्हता. गोरं दिसायला हवं या घाईत आम्ही दुखणं पाहत नव्हतो, हेही खरं. धाकट्या सुनेला कळवते.

एक विचारू? आमचे हे बीपीची गोळी घेतात आणि रोज दुपारी बाराला दूध घालायला चालत जातात. मानेवर सारखं लाल असतं.

---

हिरवी वही | सोमवार, सकाळी ७.३०

ताई, बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, त्यानेही ऊन लवकर लागतं. पाकिटावरचं नाव वाचा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना मान दाखवा. गोळी मनाने बंद करू नका. तोवर काकांच्या मानेवर उपरणं आणि दूध सकाळी आठला.

---

निंबोणी | सोमवार, सकाळी १०.२०

तुम्ही म्हणालात तसंच झालं, सकाळी लाली वाढलेली होती. आधी कळलं नसतं तर मी आत्ता दवाखान्याच्या दारात रडत उभी असते. आणखी दोन बारीक फोड आलेत. ताप ९९. लघवी पिवळी होती म्हणून कोकम सरबत, ताक आणि पाणी आलटून पालटून देतेय. दवाखान्यात फोन केला, गोळी तूर्त थांबवायला सांगितली आणि बुधवारी बोलावलंय. कोरफडीचा गर फ्रिजमध्ये ठेवला होता, तो लावला की पाच मिनिटं तरी हसतो.

शाळेच्या बाकावर बसल्यासारखं बसता येत नाही, पोटऱ्या टेकतात. जमिनीवर गादी टाकून पालथा वाचत पडलाय.

---

दूरचा शेजारी | सोमवार, दुपारी १.१५

मेलबर्नहून लिहितोय. इथे आलो तेव्हा माझी समजूत होती की आपल्या सावळ्या कातडीला सनबर्न होत नाही, तो गोऱ्यांचा प्रॉब्लेम. पहिल्याच डिसेंबरात कान आणि टाळू भाजली. मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्यामुळे, आपल्याला थोडं संरक्षण मिळतं, पण ते कवच नाही. शिवाय गडद रंगावर लाली लवकर दिसत नाही, म्हणून डोळ्यांनी नाही, हात लावून ओळखायचं. गरम लागतं, ताणल्यासारखं वाटतं, अंगावरचा शर्ट खुपतो.

इथे १९८१ पासून 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम आहे. शर्ट चढवा, सनस्क्रीन थापा, टोपी घाला. बऱ्याच शाळांत टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत, सावलीत बसवतात. हवामानाच्या बातम्यांत तापमानाबरोबर यूव्ही निर्देशांक (अतिनील किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा) सांगतात आणि तो ३ किंवा जास्त झाला की काळजी घ्यायची हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. ११ आणि त्याच्या वर 'अतितीव्र'. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तुमचा मुलगा नेमका त्याच वेळी पाण्यात होता. पाणी गार लागतं म्हणून ऊन कळत नाही, पण अतिनील किरण पाण्यातही उतरतात आणि वाळूवरून उलटे अंगावर येतात.

मुलांना ओला पांढरा बनियन घालून पोहायला सोडतात, त्याचा फारसा उपयोग नाही. ओल्या पातळ सुतातून किरण आणखी सहज जातात. पोहण्याचे पूर्ण बाह्यांचे घट्ट कपडे मिळतात, ते घ्या. सनस्क्रीनवर एसपीएफ हा संरक्षणाचा आकडा असतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के अतिनील-ब किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यामागे धावण्यापेक्षा भरपूर लावणं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावणं जास्त कामाचं.

---

वऱ्हाडी ऊन | सोमवार, दुपारी ३.४०

अकोल्याहून. आमच्या इकडं ऊन लागणं म्हणजे कातडी भाजणं नव्हे, आतून लागणं. दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतात म्हणून लिहितो. कातडी लाल आहे पण माणूस बोलतो, पाणी पितो, ओळखतो, तर घरी पट्ट्या चालतील. पण अंग तापून ताप १०४ च्या घरात गेला, बरळायला लागला, तोल जातो, झटका येतो, तर कोरफड-बिरफड काही नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारत वारा घालायचा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पन्हं ओतू नका, ठसका लागून जीव जातो. खिशात कांदा असला की काही होत नाही म्हणून दुपारी शेतात थांबलेला माझा चुलत काका आम्ही असाच गमावला. हे लिहिताना आजही हात थांबतो.

---

हिरवी वही | सोमवार, दुपारी ४.०५

वऱ्हाडी ऊन, तुमच्या काकांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द बरोबर आहे.

कातडीपुरतं बोलायचं तर दवाखाना गाठायची वेळ म्हणजे अंगाच्या मोठ्या भागावर फोड, थंडी वाजून ताप, उलट्या, पाणी न ठरणं, डोळे दुखणं किंवा उजेड सहन न होणं, फोडातून पू. आणि एक वर्षाच्या आतलं बाळ भाजलं असेल तर फोड आहेत की नाहीत हे न पाहता सरळ न्या.

---

उगवती | सोमवार, संध्याकाळी ६.३०

निफाड तालुक्यात आमचा कांदा असतो. काढणीला येणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्यावरून पदर आणि वर टॉवेल बांधतात, फक्त डोळे दिसतात. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या उकाड्यात या कशा वावरतात. कॉलेजला असताना हौसेने बिनबाह्यांचा ड्रेस घालून एक दिवस त्यांच्याबरोबर बसले. संध्याकाळी दंड टरारून आले. एकीने मला विहिरीवर नेलं, हात पाटाच्या वाहत्या पाण्यात धरून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने एक जुना शर्ट आणून दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

---

घाटवाट | सोमवार, रात्री ९.१८

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. थंडीत काही जाणवत नाही. माझी हनुवटी खालून आणि नाकपुड्या आतून भाजल्या होत्या. तिथेही सनस्क्रीन लावा आणि काळा चष्मा एका मिनिटासाठीही काढू नका.

---

निंबोणी | शुक्रवार, रात्री ८.५०

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. मंगळवारी दुपारपासून धग उतरली. बुधवारी डॉक्टरांनी पाहिलं, फोड कोरडे होतायत, जंतुसंसर्ग नाही म्हणाले. मुरुमांची गोळी बदलून दिली. मी उन्हाबद्दल न सांगितल्याचं शांतपणे बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच पुढच्या पेशंटच्या चिठ्ठीवर उन्हाची सूचना लिहिली.

कालपासून खांद्यांची सालपटं सुटतायत. मुलगा ओढायला बघतो, मी हात धरते. आपसूक निघेल तेवढंच. खाज फार आहे, तेव्हा ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक करून आंघोळीच्या कोमट पाण्यात टाकते. मैत्रिणीने सांगितलं होतं, बरं वाटतं.

वायंगण, मुठेल इथे मिळालं नाही. आज संध्याकाळी सासूबाईंनी रविवारचीच ती तुपाची वाटी पुन्हा काढली. डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, आता चालेल म्हणाले. त्या नातवाच्या पोटऱ्यांना बोटाच्या टोकाने तूप लावत बसल्यात आणि तो पुस्तक वाचता वाचता झोपून गेलाय.